बोर्डिंगातून काढलेला विद्यार्थी
(कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र)

ज्याचे नाव शाळेच्या पटावरून कमी झाले आहे असा एखादा मुलगा नाही, असे गाव आमच्या पाहण्यात क्वचितच येते. कोणी मास्तरांस उलट बोलला, कोणी मारामारी केली, कोणी वारंवार गैरहजर राहिला, कोणी बोर्डिंगचा नियम मोडला. आणि एके दिवशी त्याची वळकटी बाहेर ठेवण्यात आली. शाळेचे काम त्या दिवशी संपते. मुलाचे मात्र तेथूनच सुरू होते. तो गुरे राखू लागतो, पारावर बसू लागतो, किंवा शहराची वाट धरतो. काही वर्षांनी आपणच त्याच्याकडे बोट दाखवून म्हणतो की, हा वाया गेला. तो वाया कसा गेला व त्यात आपला वाटा किती, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

आज आम्ही वाचकांपुढे अशाच एका मुलाचे चरित्र ठेवीत आहो. शिस्त मोडली म्हणून त्यालाही बोर्डिंगातून काढण्यात आले होते, व त्याची मॅट्रिकची परीक्षाही कधी झाली नाही. तथापि ज्याला एका छपराखालून बाहेर जावे लागले, त्याने पुढे सहस्रावधी गरीब मुलांस छप्पर दिले. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत हे नाव सर्वांस ठाऊक आहे. ते भाऊराव पायगोंडा पाटील, लोक ज्यांस प्रेमाने अण्णा म्हणत व आदराने कर्मवीर म्हणत.

बालपण

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी, हल्लीच्या कोल्हापूर जिल्ह्यात, बाहुबलीच्या डोंगराजवळील कुंभोज या गावी झाला. घराणे जैन धर्माचे, मूळचे वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक येथील. वडील पायगोंडा पाटील सरकारी महसूल खात्यात नोकरीस असल्यामुळे त्यांची बदली गावोगाव होत असे. आईचे नाव गंगाबाई. घर खाऊनपिऊन बरे होते. मुलाने चार बुके शिकून कोठे तरी कारकून व्हावे, एवढीच वडिलांची इच्छा असावी.

परंतु मुलाचे चित्त पुस्तकात नव्हते. पोहणे, कुस्ती, रानावनांत हिंडणे यांत त्याचा दिवस जाई. त्या बाजूस सत्याप्पा भोसले नावाचा एक बंडखोर होता. श्रीमंतांस त्याचा धाक व गरिबांस त्याचा आधार वाटे. त्याच्या गोष्टींचा ठसा या मुलाच्या मनावर खोल उमटला. अन्याय दिसला की हात आवरत नसे. गावच्या विहिरीवर अस्पृश्य मानलेल्या लोकांस पाणी शेंदू देत नसत. ते उन्हात ताटकळत उभे राहत व कोणी वरून वाढील तेव्हा घागर भरत. हे पाहून या मुलाने एके दिवशी त्या विहिरीचा रहाटच मोडून टाकला.

शाळेच्या दृष्टीने पाहिले तर हा मुलगा द्वाड होता यात शंका नाही. अभ्यासात मागे, खोड्यांत पुढे, आणि मोडतोड करणारा. आपल्या शाळेत तो असता तर आपण त्याचे काय केले असते, हे शिक्षक बंधूंनी येथे क्षणभर थांबून स्वतःस विचारावे.

कोल्हापुरातील बोर्डिंगे

प्राथमिक शिक्षण विटे वगैरे ठिकाणी झाल्यावर, १९०२ च्या सुमारास, भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात आले. ते दिवस श्रीशाहू छत्रपती महाराजांचे. खेड्यातील मुलास शिकावयाचे तर त्यास पहिली अडचण शाळेची नव्हे, तर राहण्याजेवण्याची असते, हे महाराजांनी ओळखले होते. शाळा शहरात, मुलगा खेड्यात. शहरात ना नातेवाईक, ना खाणावळीचे पैसे. म्हणून महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या पुढाऱ्यांस उत्तेजन देऊन मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान इत्यादिकांची बोर्डिंगे उभी करविली. त्यांस जागा दिल्या, उत्पन्ने लावून दिली. १९०२ साली त्यांनी आपल्या संस्थानातील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, व १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा केला. खेड्यातील मुलांच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना हे नाव वगळता येत नाही.

मात्र या योजनेत एक उणेपण होते. प्रत्येक जातीचे छप्पर निराळे होते. मुले वर्गात एका बाकावर बसत आणि संध्याकाळी आपापल्या जातीच्या पंगतीस जात. त्या काळी एवढे झाले हेच पुष्कळ, असे म्हणता येईल व ते खरेही आहे. परंतु पुढे जो प्रसंग घडला तो समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे.

भाऊराव दिगंबर जैन बोर्डिंगात राहत. तेथील व्यवस्था अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. लठ्ठे हे विद्वान गृहस्थ, दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या संस्थापकांपैकी एक. पुढे ते कोल्हापूरचे दिवाण झाले, व १९३७ साली मुंबई इलाख्याच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. बोर्डिंगचे नियम कडक होते, आणि सोवळ्याओवळ्याचा त्यांत समावेश होता.

बाहेरचा रस्ता

१९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी एक वसतिगृह निघाले. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येच्या नावावरून त्यास मिस क्लार्क बोर्डिंग हे नाव मिळाले. त्या समारंभास भाऊराव हौसेने गेले. परत आल्यावर त्यांस सांगण्यात आले की, विटाळ झाला आहे, तरी स्नान केल्यावाचून जेवणघरात पाऊल ठेवू नये. भाऊरावांनी स्नान करण्याचे साफ नाकारले. आपण काही अपवित्र केले नाही, तेव्हा शुद्ध कशाचे व्हावयाचे, अशी त्यांची भूमिका होती. नियम मोडल्याबद्दल त्यांस बोर्डिंगातून काढून टाकण्यात आले.

येथे दोन्ही बाजूंचा विचार करणे न्यायाचे होईल. बोर्डिंग समाजाच्या वर्गणीवर चाले. नियम मोडणाऱ्यास ठेवून घेतले तर उद्या दहाजण मोडतील, आणि वर्गणीदारांस उत्तर काय द्यावे, ही चिंता अशा प्रत्येक संस्थेच्या चालकापुढे असते. शिस्तीवाचून संस्था चालत नाही, हे ज्याने दहा मुले सांभाळली आहेत त्याला सांगावे लागत नाही. परंतु नियम मोडणारा मुलगा आळसाने मोडतो, उन्मत्तपणाने मोडतो, की त्याच्या अंतःकरणास तो नियम पटत नाही म्हणून मोडतो, हा भेद पाहणे चालकाचेच काम आहे. तिघांनाही एकच शिक्षा दिली म्हणजे शिस्त राखली जाते खरी. पण तिसऱ्या मुलाचा जो उत्तम गुण, त्यालाच ती शिक्षा लागते.

बाहेर पडलेल्या या मुलास शाहू महाराजांनी आश्रय दिला; काही काळ त्यांचे राहणे राजवाड्याच्या आश्रयाने झाले. म्हणजे त्यांचे नशीब इतर काढलेल्या मुलांहून चांगले, असे वाचक म्हणतील. तरीही हानी टळली नाही. अभ्यास विस्कटला तो विस्कटलाच. इंग्रजी सहावीच्या पुढे त्यांची मजल गेली नाही, आणि १९०९ च्या सुमारास शाळा कायमची सुटली. राजाचा हात पाठीशी असलेल्या मुलाची जर ही गत, तर ज्याच्या पाठीशी कोणीच नाही त्याची काय होत असेल?

उमेदवारीची वर्षे

त्याच सुमारास भाऊरावांचा विवाह झाला. पत्नीचे नाव लक्ष्मीबाई. त्या माहेरून भरपूर सोने लेऊन आल्या होत्या. त्या सोन्याचे पुढे काय झाले ते योग्य स्थळी सांगू. भाऊराव साताऱ्यास राहून मुलांच्या शिकवण्या करू लागले. जो स्वतः नापास झाला तो दुसऱ्यांस शिकवी, आणि लोक त्यास पाटील मास्तर म्हणू लागले. १९१० च्या सुमारास सांगलीजवळील दुधगाव येथे काही मित्रांच्या साहाय्याने विद्यार्थ्यांसाठी एक आश्रम काढण्यातही त्यांचा पुढाकार होता. काम लहान होते, परंतु त्यांच्या पुढच्या सर्व कार्याचे बीज तेथे पडले.

१९१४ साली एक असा प्रसंग आला की, त्यावरून या मनुष्याची खरी किंमत कळते. कोल्हापुरात राजपुतळ्यास कोणी डांबर फासले. संशय लठ्ठे यांच्यावर घेण्यात आला. त्यांच्याविरुद्ध पुरावा हवा होता, व तो देण्यासाठी भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. ज्या लठ्ठ्यांनी आपल्याला बोर्डिंगातून काढले, ज्यांच्यामुळे आपले शिक्षण खुंटले, त्यांच्याविरुद्ध चार शब्द बोलावयाचे, एवढेच काम होते. सूड घेण्यास याहून सोपी संधी कोणती? वर पोलिसांची मर्जीही राखली गेली असती.

भाऊरावांनी खोटी साक्ष देण्याचे नाकारले. त्यांस अटक झाली, मारहाण झाली, छळ झाला. तो छळ इतका असह्य झाला की, त्यांनी आपला जीव देण्याचाही प्रयत्न केला. त्यातून ते वाचले. खोटे मात्र बोलले नाहीत. अखेर त्यांची सुटका झाली.

बोर्डिंगच्या नोंदीत हा मुलगा बेशिस्त ठरला होता. आम्ही वाचकांस विचारतो की, स्नान करण्याचे नाकारणारा मुलगा आणि खोटी साक्ष नाकारणारा तरुण हे दोन आहेत, की एकच? ज्या हट्टामुळे त्यास बाहेर काढण्यात आले, त्याच हट्टाने पुढे त्यास बाहेर काढणाऱ्याचे रक्षण केले. मुलांतील हट्ट पाहून आपण चिडतो; पण त्या हट्टात कधी कधी असे धान्य असते की जे दुष्काळात कामी येते. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हा छळ कोल्हापूर संस्थानात झाला असूनही शाहू महाराजांविषयीचा त्यांचा आदर ढळला नाही. पुढे आपल्या पहिल्या मोठ्या वसतिगृहास त्यांनी महाराजांचेच नाव दिले.

यानंतरची काही वर्षे ते व्यापाराच्या कामात होते. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर, ओगल्यांचे कंदील व काचसामान विकण्यासाठी ते गावोगाव फिरले. पुढे साताऱ्यास धनजीशा कूपर यांच्या कारखान्याशीही त्यांचा संबंध आला. नांगर विकणाऱ्यास शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावे लागते. तेथे त्यांनी पाहिले की, सावकाराचा कागद शेतकऱ्यास वाचता येत नाही, सरकारी नोटीस आली तर ती वाचण्यास कोणाच्या तरी पाया पडावे लागते, आणि पोरगा हुशार असला तरी त्यास शहरात ठेवण्याची ऐपत नाही. शेतकऱ्यास नांगर पाहिजे हे खरे. पण त्याहून आधी अक्षर पाहिजे, हे त्यांच्या मनाने घेतले.

एक छप्पर, एक पंगत

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा भाऊरावांवर मोठा प्रभाव होता. संस्थेचे नाव कोणा राजाचे वा देणगीदाराचे ठेविले नाही, रयतेचे ठेविले. चिन्ह म्हणून त्यांनी वडाचे झाड घेतले. वडाची पारंबी जमिनीस टेकली की ती स्वतःच खोड होते व मूळ झाडास आधार देते. येथे शिकलेला मुलगा पुढे दुसऱ्यांस आधार देईल, असा त्याचा भावार्थ.

१९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले व तेथे वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांच्या हस्ते त्यास श्रीछत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले. मराठा, महार, मांग, चांभार, मुसलमान, जैन, लिंगायत, ब्राह्मण असा भेद येथे नव्हता. एक छप्पर, एक चूल, एक पंगत. ज्या विटाळाच्या नावाने त्यांस पूर्वी एका जेवणघराबाहेर उभे केले होते, त्या विटाळासच त्यांनी आपल्या जेवणघराबाहेर उभे केले. अस्पृश्य मानलेल्या समाजातील ज्ञानदेव घोलप या विद्यार्थ्यास त्यांनी हाताशी धरून शिकविले. ते पुढे मुंबई कायदे कौन्सिलाचे सभासद झाले. याच बोर्डिंगात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील विलायतेस जाऊन आले, संस्थेच्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले व पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

येथे शिस्त नव्हती असे मात्र कोणी समजू नये. उलट ती फार कडक होती. मुलांनी पहाटे उठावे, पाणी आणावे, दळावे, स्वयंपाक करावा, भांडी घासावी, झाडलोट करावी, शेतात खपावे, खडी फोडावी, आणि अभ्यासही करावा. नोकरचाकर नव्हते. परंतु या शिस्तीत व पूर्वीच्या शिस्तीत एक मोठा फरक होता. येथील नियम मुलास कमी लेखण्यासाठी नव्हता, तर त्यास स्वतःच्या पायांवर उभे करण्यासाठी होता. आणि तो चालकाससुद्धा लागू होता. अण्णा जाडीभरडी खादी नेसत, अनवाणी हिंडत, व मुले खात तेच खात. चालक स्वतः पाळतो तो नियम मुलांस ओझे वाटत नाही.

आणि लक्ष्मीबाई! सोवळ्याच्या घरात वाढलेल्या या बाईने सर्व जातींच्या मुलांस आपली मुले मानले. बोर्डिंगात धान्य संपावे, अण्णा वर्गणीसाठी परगावी असावेत, आणि मुले उपाशी बसावीत, असे प्रसंग वारंवार येत. अशा वेळी लक्ष्मीबाई एकेक दागिना काढून देत. माहेरचे सोने असे हळूहळू मुलांच्या भाकरीत गेले. शेवटी अंगावर मंगळसूत्र तेवढे उरले होते. तेही त्यांनी एके दिवशी मुलांच्या पोटासाठी मोडले. ज्या देशात सवाष्ण बाई प्राण गेला तरी मंगळसूत्र उतरीत नाही, तेथे या कृत्याचा अर्थ काय, हे आमच्या भगिनींस समजावून सांगणे नको. १९३० साली त्या वारल्या. संस्थेची मोठी भरभराट त्यांस पाहावयास मिळाली नाही.

कामाचा विस्तार

पुढील हकिकत थोडक्यात सांगतो. १९३२ साली, येरवड्याच्या करारानंतर, स्पृश्य व अस्पृश्य मुलांनी एकत्र राहावे या हेतूने पुण्यास युनियन बोर्डिंग निघाले. १९३५ साली साताऱ्यास शिक्षक तयार करण्याचे ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. कारण शाळा काढावयाच्या तर आधी खेड्यात राहण्यास तयार असलेले मास्तर पाहिजेत. १९३७ नंतर, जेथे सरकारी शाळा पोहोचली नव्हती अशा डोंगरी व आडवाटेच्या गावी, देवळात, चावडीत, मिळेल त्या ओसरीवर व्हॉलंटरी शाळा निघाल्या. त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली, व पुढे त्या स्कूल बोर्डाकडे सोपविण्यात आल्या. १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. तेथे मुलांनी शेतात व इतर कामांत श्रम करावे आणि त्यावर आपले शिक्षण करावे, अशी व्यवस्था होती. हीच कमवा आणि शिका ही योजना. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५४ साली कऱ्हाडास सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज, व त्यानंतर साताऱ्यासच आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन, अशी तीन महाविद्यालये त्यांच्या हयातीत झाली.

जगात अशा मुलांसाठी अन्यत्रही प्रयत्न झाले आहेत. इंग्लंडात ब्रिस्टल शहरी मेरी कार्पेंटर या बाईंनी १८४६ साली फाटक्या कपड्यांच्या, रस्त्यावर हिंडणाऱ्या, ज्यांस नेहमीच्या शाळा दारात उभे करीत नसत अशा मुलांसाठी शाळा काढली, व १८५२ साली किंग्जवूड येथे गुन्हेगार ठरलेल्या मुलांसाठी सुधारणागृह काढले. मुलास तुरुंगात टाकण्याऐवजी शाळेत घालावे, यासाठी त्या जन्मभर झगडल्या. १८६६ साली त्या हिंदुस्थानात आल्या होत्या. आपल्या मुंबईतही डेव्हिड ससून यांच्या देणगीने १८५७ सालापासून बिघडलेल्या मुलांस धंदा शिकविणारी शाळा चालू झाली. ही कामे थोर आहेत. परंतु अशा शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाच्या कपाळी एक डाग राहतो. लोक म्हणतात, हा अमक्या शाळेतला. भाऊरावांनी काढलेल्या मुलांसाठी निराळी शाळा काढली नाही. त्यांनी एक शाळा अशी केली की, तिच्यात गरीब, उनाड, नापास, अस्पृश्य, पोरका, हुशार असे सर्वच खडी फोडीत व सर्वच शिकत. तेथे श्रम ही शिक्षा नव्हती, कारण ते सर्वांस होते. आमच्या मते त्यांच्या पद्धतीचे मर्म यातच आहे.

पुन्हा एकदा बाहेर

१९४८ साली, महात्मा गांधींच्या वधानंतरच्या क्षुब्ध दिवसांत, भाऊरावांच्या एका भाषणातील उद्गारांवरून सरकारचा त्यांच्यावर रोष झाला, व मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. ज्या मनुष्याने गांधीजींच्या विचाराने खादी धरली, त्याच्यावर हा प्रसंग आला. साठीच्या उंबरठ्यावर त्यांस पुन्हा एकदा बोर्डिंगच्या दाराबाहेर उभे केल्यासारखे झाले. फरक एवढाच की, आता त्यांच्यामागे शेकडो शिक्षक व हजारो मुले होती.

या वेळी रयत धावून आली. शेतकऱ्यांनी धान्य दिले, गोरगरिबांनी पैसा-पैसा दिला, शिक्षकांनी अडचण सोसली. श्रीगाडगे महाराज, ज्यांस स्वतः अक्षरओळख नव्हती, त्यांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे या संस्थेसाठी शब्द टाकला. पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. कऱ्हाडच्या कॉलेजास गाडगे महाराजांचे नाव का, हे वाचकांस आता उमगेल.

१९५९ साली भारत सरकारने त्यांस पद्मभूषण ही पदवी दिली, व पुणे विद्यापीठाने सन्मान्य डी.लिट्. ही पदवी दिली. मॅट्रिक न झालेल्या मनुष्यास विद्यापीठाने डॉक्टर केले. त्याच वर्षी ९ मे रोजी पुणे येथे त्यांचा देहान्त झाला. तोवर संस्थेच्या माध्यमिक शाळाच शंभरावर गेल्या होत्या.

आपल्या काळासाठी

त्यांच्या मृत्यूनंतर झाड वाढतच राहिले. ठाण्याच्या खाडीपलीकडे, १९७० सालापासून सिडकोने आगरी-कोळी लोकांच्या गावांच्या जमिनींवर नवी मुंबई वसविली. तेथे वाशी या ठिकाणी रयत शिक्षण संस्थेचे कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. उंच इमारती, आगगाड्या व बाजार यांच्या मध्ये हे नाव वाचले की, साताऱ्याची ती चूल डोळ्यांपुढे उभी राहते. आपल्या खेड्यांतून पोटासाठी त्या शहरात गेलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. आईबाप दिवसभर कामावर, मुलगा दिवसभर मोकळा. आणि मग शाळेकडून तक्रार येते. अशा घरांस हे चरित्र अवश्य वाचून दाखवावे.

कायदाही आता मुलाच्या बाजूस काही अंशी आला आहे. २००९ सालच्या बालकांच्या शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पुरी होईपर्यंत मुलास शाळेतून काढून टाकता येत नाही. तसेच त्यास मारणे व त्याचा मानसिक छळ करणे यांसही मनाई आहे. हे आईबापांनी ध्यानात ठेवावे. आठवीच्या पुढे मात्र दार पुन्हा बंद होऊ शकते. तेव्हाही सर्व संपले असे समजू नये. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीस बसता येते. मुक्त विद्यालयाची परीक्षा देता येते. मोठ्या शहरांत रात्रशाळा आहेत. परंतु फॉर्म मुलगा स्वतः होऊन भरीत नाही. त्याचा हात धरून त्यास कोणी तरी न्यावे लागते.

म्हणून आमच्या गावोगावच्या शिक्षकांस, उपदेशकांस व मंडळीतील वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंती आहे. एखाद्या मुलाचे नाव कमी करण्याची वेळ आली तर आधी त्याच्या घरी एकदा जाऊन यावे. त्याने नियम का मोडला हे त्याच्याच तोंडून ऐकावे, व ऐकताना आपला नियमही तपासून पाहावा. कारण सर्वच नियम विहिरीच्या पाण्याइतके निर्मळ नसतात. त्यास शिक्षा द्यावयाचीच तर अशी द्यावी की, तिच्यातून काही तयार व्हावे, आणि शक्य तर आपणही त्याच्याबरोबर ते काम करावे. आणि इतके करूनही त्यास काढावेच लागले, तर तो कोठे जाणार हे ठरविल्यावाचून त्याची वळकटी बाहेर ठेवू नये.

कोल्हापुरात १९०८ साली एका मुलास काढण्यात आले, तेव्हा त्याच्यासाठी एक दार उघडे राहिले म्हणून आज महाराष्ट्रात शेकडो शाळांची दारे उघडी आहेत. आपल्या गावच्या पारावर आज जो मुलगा बसलेला आहे, त्याच्याशी आपल्यापैकी कोणी या आठवड्यात बोलले आहे काय?